साहेब म्हणतात, कामगारांना कशाला सांगायचं?

प्रश्न : चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआर सांभाळते. गाड्यांचे सुटे भाग बनवतो. दोन युनिट, तीन शिफ्ट, कायम आणि कंत्राटी मिळून पाचेकशे माणसं. मागे एकदा साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री डिस्पॅचमधल्या एका मुलाच्या कॉम्प्युटरवरच्या फायली उघडेनात. त्याने शिफ्ट इनचार्जला सांगितलं, इनचार्जने आयटीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बंद करून चालू करा, उद्या बघतो. सकाळपर्यंत ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि हिशेबाचं टॅली दोन्ही गेलं होतं आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी होती. साहेब म्हणाले, कुणाकडे ब्र काढायचा नाही. मेल तेवढा चालू होता, म्हणून मी सगळ्यांना 'सर्व्हरचं मेंटेनन्स चालू आहे' असा मेल टाकला. दुसऱ्या युनिटमधली दोघं ते खरं समजून लॅपटॉप घेऊन आली, आमच्या नेटवर्कला जोडून ड्रॉइंगच्या फायली घेतल्या आणि परत जाऊन तिकडे लॅपटॉप लावले. तिकडचेही कॉम्प्युटर गेले. मग व्हॉट्सॲपवर नाही नाही त्या अफवा : पगार होणार नाही, कंपनी विकली. सगळं मार्गी लागल्यावर मीटिंगमध्ये त्या डिस्पॅचच्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं, कारण व्हायरसचा मेल त्याने उघडला होता. पुन्हा असं झालं तर कुणाला, किती आणि कसं सांगायचं? साहेबांच्या मते सांगितलं की घबराट होते आणि गिऱ्हाईक तुटतं.
– एक वाचक, चाकण

उत्तर : आधी त्या डिस्पॅचच्या मुलाबद्दल बोलू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे.

त्या रात्री त्याला काहीतरी विपरीत दिसलं आणि त्याने ते लगेच वरच्याला सांगितलं. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्याने केलं. मेल उघडला हा दोष धरायचा तर त्याच्या कामाचं स्वरूप बघा. शेड्यूल, पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, डेबिट नोट, ट्रान्सपोर्टची बिलं, सगळं अटॅचमेंट होऊन त्याच्याकडे येतं आणि ते उघडण्यासाठीच तर त्याला तिथे बसवलंय. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम बनवणाऱ्या कंपनीवर मार्च २०१९ मध्ये मोठा हल्ला झाला. त्याचीही सुरुवात एका मेलपासून झाली होती आणि तो मेल आला होता ओळखीच्या, विश्वासातल्या ग्राहकाकडून. हल्लेखोर त्यानंतर काही महिने गुपचूप आत होते. जगभर कारखाने असलेल्या कंपनीत हे होतं, तर तुमच्या डिस्पॅचच्या मुलाने काय ओळखायला हवं होतं?

त्याला झापलं गेलं तेव्हा त्या खोलीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात एकच गोष्ट ठरवली असणार : आपल्याला काही दिसलं तर गप्प बसायचं. हे नुकसान ईआरपी बंद पडण्याहून मोठं आहे आणि कुठल्याही बॅकअपमधून ते भरून येत नाही. म्हणून पहिलं काम हे करा. ज्या माणसांसमोर त्याला बोलणी बसली, त्याच माणसांसमोर साहेबांनी म्हणायला हवं की या मुलाने वेळेवर सांगितलं, आपणच ते ऐकलं नाही. एचआर म्हणून तुम्ही त्याला बाजूला घेऊन समजूत काढलीत तर त्याला बरं वाटेल, पण बाकीच्यांपर्यंत काहीच पोचणार नाही. मग एका ओळीचा नियम लेखी करा : संशयास्पद काही दिसल्याचं जो स्वतःहून सांगेल त्याच्यावर कारवाई होणार नाही, चूक त्याच्याच हातून झाली असली तरी. लपवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

खालच्या माणसाला आधी दिसतं, हे या विषयात पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. ५ फेब्रुवारी २०१६ ला, शुक्रवारी, ढाक्यात बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, कार्यालयात एक प्रिंटर चालत नव्हता. स्विफ्टचे, म्हणजे देशोदेशीच्या बँका एकमेकींना संदेश पाठवतात त्या यंत्रणेतले, व्यवहार कागदावर उतरवणारा तो प्रिंटर. शुक्रवार म्हणजे तिथली सुट्टी, माणसं मोजकी. रोजचीच कटकट आहे असं समजून तो विषय बाजूला राहिला. खरं तर चोरांनीच तो बंद पाडला होता, कारण त्यांनी रात्रीत न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला, जिथे बांगलादेश बँकेचं खातं होतं, त्या बँकेच्या नावाने पैसे पाठवायच्या सूचना दिल्या होत्या. प्रिंटर सुरू होऊन न्यूयॉर्कचे खुलासा मागणारे संदेश हातात पडले तोवर तिकडे शनिवार-रविवार लागला होता, आणि पैसे जिथे गेले त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर गेले. आपल्या पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी रुपये गेले त्यातला पहिला, सगळ्यात मोठा घाला ११ ऑगस्ट २०१८ चा, तोही शनिवार. तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टीची आदली रात्र निवडली गेली, हा योगायोग समजू नका. वरिष्ठ घरी असतात तीच वेळ धरून हे लोक येतात.

यातून निघणारी गोष्ट अशी की रात्रपाळीला हजर असलेल्या माणसाला निर्णयाचा अधिकार हवा. अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीत ७ मे २०२१ ला पहाटे पाचच्या सुमाराला कंट्रोल रूममधल्या एका कर्मचाऱ्याला खंडणीची चिठ्ठी दिसली. त्याने सुपरवायझरला सांगितलं आणि सव्वासहाच्या आत जवळजवळ ८,८५० किलोमीटरची अख्खी पाइपलाइन थांबवलेली होती. ती थांबवावी की नाही यावर नंतर पुष्कळ वाद झाले, कंपनीने खंडणी भरली त्यावरही झाले. पण खालून वर निरोप जायला आणि त्यावर कृती व्हायला तास-सव्वा तास लागला, एवढं त्यातून घ्या. तुमच्याकडे निरोप आयटीच्या माणसापर्यंत पोचला आणि तिथे झोपला. दोष त्या एकट्याचा नाही, त्याच्या पुढे कुणाला उठवायचं हे ठरलेलंच नव्हतं. शिफ्ट इनचार्जला लेखी द्या की अशा वेळी कुणालाही न विचारता नेटवर्कची केबल काढायची, वायफाय बंद करायचं, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि मग फोन लावायचे. कॉम्प्युटर मात्र बंद करायचा नाही. 'बंद करून चालू करा' हा सल्ला इतर वेळी चालतो, इथे नाही. मेमरीत राहिलेले हल्ल्याचे माग त्याने पुसले जातात आणि नंतर तपास करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

इथे कायद्याची एक बाजू आहे, ती साहेबांच्या कानावर घाला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून, किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून, ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. खासगी कंपन्याही त्यात आल्या. 'लक्षात आणून दिल्यापासून' हे शब्द नीट वाचा. डिस्पॅचच्या मुलाने इनचार्जला सांगितलं तेव्हाच घड्याळ सुरू झालं, असं कुणी म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर आहे का? आतला निरोप सकाळपर्यंत अडकला तर ते ६ तास मालकाला कळायच्या आधीच संपलेले असतात.

आता तुमचा मेल. तुम्ही तो वरून सांगितलं म्हणून टाकलात, तेव्हा त्याचं ओझं एकटीने वाहू नका. पण त्या मेलने काय केलं ते स्पष्ट बघायला हवं. 'मेंटेनन्स' म्हटल्यावर माणसाला वाटतं, थोडा वेळ जाईल, तोवर आपण दुसरी वाट काढू. ती दोघं लॅपटॉप घेऊन आली ती काम अडू नये म्हणून, चांगल्या मनाने. खरं माहीत असतं तर त्यांनी केबलला हात लावला नसता आणि दुसरं युनिट वाचलं असतं. अशा वेळी कामगारांना खरं सांगणं हा बचावाच्या कामाचाच भाग असतो. साहेबांना मी एवढंच विचारेन : पेंटशॉपला आग लागली तर आपण आतल्या माणसांना सफाई चालू आहे असं सांगू का?

नॉर्स्क हायड्रोकडे पुन्हा येते, कारण या बाबतीत त्यांच्यासारखं फार थोड्यांनी वागून दाखवलंय. सुमारे ३५,००० कर्मचारी, ४० देशांत पसरलेला कारभार. १९ मार्च २०१९ ला पहाटे हल्ला लक्षात आला. सकाळी माणसं कामावर आली तेव्हा दारांवर कागद चिकटवलेले होते. कंपनीवर सायबर हल्ला झाला आहे, नेटवर्कला काहीही जोडू नका, जोडलेलं काही चालू करू नका, फोन आणि टॅबलेटही नेटवर्कवरून काढा, पुढच्या सूचनेची वाट बघा. एवढंच. कारण नाही, सारवासारव नाही, कुणाचं नाव नाही. प्रत्येकाला आपण या क्षणी काय करायचं आणि काय करायचं नाही ते कळलं. त्याच दिवशी वरिष्ठांनी पत्रकारांसमोर येऊन परिस्थिती गंभीर असल्याचं सांगितलं. वेबसाइट बंद होती म्हणून फेसबुकवरून माहिती दिली आणि पुढेही रोजच्या रोज सांगत राहिले. खंडणी भरली नाही. अनेक कारखान्यांत कागद-पेन घेऊन, हाताने मशिन चालवून काम चालू ठेवलं आणि तिथे जुन्या, कॉम्प्युटरच्या आधीपासूनच्या माणसांचा अनुभव कामी आला. ते नुसती वाट बघत बसले नाहीत, कारण आपल्यावर काय ओढवलंय हे त्यांना माहीत होतं.

दारावरच्या कागदाचं महत्त्व मला फार वाटतं. तुमच्या पाचशे माणसांत कंपनीचा मेल किती जणांना आहे? ऑपरेटर, हेल्पर, कंत्राटी पोरं, कँटीनवाले, सिक्युरिटी, यांच्यापैकी कुणालाच नसणार. तुमचा मेल खरा असता तरी तो त्यांच्यापर्यंत पोचला नसता. शिवाय हल्लेखोर आत असतो तेव्हा तुमचा मेल तोही वाचतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरलेल्या हल्लेखोराने तर कर्मचाऱ्यांच्या आतल्या चॅटवरच 'मी हॅकर आहे' असं जाहीर केलं, आणि कित्येकांना आधी ती थट्टा वाटली. म्हणून काय करायचं ठरतंय, बॅकअप कुठे आहे, खंडणीबद्दल काय बोलणं चाललंय, यातलं अवाक्षरही कंपनीच्या मेलवर नको. ते फोनवर किंवा समोरासमोर.

व्हॉट्सॲपला मी नाही म्हणणार नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प केली, आपल्या न्हावा-शेव्यातलं त्यांचं टर्मिनलही त्यात अडकलं, तेव्हा त्यांच्या माणसांनी स्वतःच्या मोबाइलवरच्या व्हॉट्सॲपवरूनच एकमेकांना गाठलं. पण तुमचा तो 'ऑल स्टाफ' ग्रुप यासाठी वापरू नका. फक्त शिफ्ट इनचार्ज, दोन्ही युनिटचे मॅनेजर, आयटी, अकाउंट्स, तुम्ही आणि साहेब, एवढ्यांचा वेगळा ग्रुप आजच करून ठेवा. त्यावर निरोप छोटे ठेवा, कारण स्क्रीनशॉट बाहेर जातोच. याच माणसांचे नंबर कागदावर छापून, लॅमिनेट करून दोन्ही गेटच्या सिक्युरिटी केबिनमध्ये आणि इनचार्जच्या टेबलावर लावा. आज ते नंबर कुठल्या तरी एक्सेलमध्ये असतील आणि ती एक्सेल त्या सर्व्हरवर असेल. हल्ल्यानंतर पहिल्या तासात माणसं अडतात ती बहुतेक अशा साध्या गोष्टींवर.

गेटवरची सूचना कशी असावी ते लिहून देते. ती आधीच छापून ठेवा, तारीख आणि वेळ तेवढी हाताने भरायची.

'आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर सायबर हल्ला झाला आहे. कुणीही कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप चालू करू नये. चालू असेल तर नेटवर्कची केबल काढून तो आहे तसा ठेवावा. मोबाइल कंपनीच्या वायफायला जोडू नये, पेनड्राइव्ह वापरू नये. मशिनशॉप चालू आहे, शिफ्ट नेहमीच्या वेळेला. पंचिंग बंद आहे, हजेरी आणि ओव्हरटाइम गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहून सही करावी. पगार ठरलेल्या तारखेला होईल. आयटीमधून बोलतो असं सांगून कुणी पासवर्ड मागितला तर देऊ नये, इनचार्जला सांगावं. पुढची सूचना दुपारी १२ वाजता इथेच लागेल.'

खाली साहेबांची सही, शिक्का नव्हे. बाजूला हाच मजकूर हिंदीत, कारण तुमच्याकडची कंत्राटी मुलं बिहार-उत्तर प्रदेशातलीही असतील.

यातली पगाराची ओळ सगळ्यात वजनदार आहे. तुमच्याकडच्या अफवा बघा, एकही कॉम्प्युटरबद्दल नव्हती. पगार आणि नोकरी, कामगाराला या दोन गोष्टींची धास्ती. त्याला रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, समजावून सांगायला जाऊ नका, त्याच्या खात्यात पैसे येणार का ते सांगा. पण ती ओळ लिहिण्याआधी अकाउंट्सशी बोलून घ्या. पगाराचं शीट हाती नसेल तर मागच्या महिन्याच्या पगारावरून उचल देऊन नंतर वळती करता येईल, बँकेत स्वच्छ लॅपटॉपवरून किंवा प्रत्यक्ष जाऊन व्यवहार करता येईल. हे आजच ठरवून ठेवलंत तर त्या दिवशी शब्द पाळता येईल. पाळता येणार नसेल तर ती ओळ छापू नका.

आणि १२ वाजता म्हटलं की १२ वाजता कागद लागला पाहिजे, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. 'अजून काम चालू आहे, पुढची सूचना ४ वाजता' एवढं पुरतं. वेळ पाळली की माणसं इकडेतिकडे विचारत फिरत नाहीत. अंदाज मात्र लिहू नका. 'उद्यापर्यंत सुरू होईल', 'आपला डेटा सुरक्षित आहे' ही वाक्यं खात्री होईपर्यंत कुणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. सगळ्यांसाठी बोलणारा माणूस एकच असावा. तुमच्याकडे तो तुम्ही असाल असं वाटतं, तर आयटीने आणि साहेबांनी आधी तुम्हाला खरं सांगायला हवं, ही अट घालूनच ते काम घ्या.

गिऱ्हाईक तुटेल या भीतीबद्दल. ईआरपी गेलं म्हणजे इनव्हॉइस निघत नाही, इनव्हॉइस नाही तर माल भरलेला ट्रक गेटवर उभा. ड्रायव्हर तासाभरात फोन करतो, आणि तुमच्या ग्राहकाच्या प्लँटमध्ये त्या पार्टची वाट बघणारी लाइन असते. त्यांना कळणारच आहे. प्रश्न एवढाच की ते साहेबांकडून कळेल की ड्रायव्हरकडून. आणि तुमच्या मेलवरून त्यांच्याकडे काही गेलं असेल तर त्यांना सावध करणं ही तुमची जबाबदारीही आहे. ती लपवली आणि नंतर उघडी पडली, तर तेव्हा गिऱ्हाईक खरंच तुटेल. क्रम मात्र राखा : आधी आपली माणसं, अर्ध्या तासाने ग्राहकाचा खरेदी विभाग. आपल्या कंपनीची बातमी बाहेरून कळली की कामगार दुखावतो.

साहेब अजूनही तयार नसतील तर वाद घालत बसू नका, एक रंगीत तालीम मागून घ्या. एका संध्याकाळी, शिफ्ट बदलाच्या वेळी, मेल आणि ईआरपी बंद आहे असं धरून चालायचं आणि साहेबांनी रात्रपाळीच्या शेवटच्या हेल्परपर्यंत एक निरोप पोचवून दाखवायचा. किती वेळ लागतो ते त्यांनी स्वतः बघावं.

शेवटची गोष्ट तुमच्याच विभागाची आहे आणि ती तुमच्या पत्रात नाही, म्हणून काळजी वाटते. गेलेल्या कॉम्प्युटरमध्ये एचआरचे होते का? आधार, पॅन, बँक पासबुक यांच्या प्रती, पीएफचे फॉर्म, घरच्यांची नावं, हे सगळं तिथे असेल तर हल्लेखोरांनी फायली लॉक करण्याआधी त्याची नक्कल नेली असण्याची शक्यता धरून चालायला हवं. हल्ली ते बहुधा तसंच करतात. तपास करणाऱ्याला हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. उत्तर 'हो' किंवा 'सांगता येत नाही' असं असेल तर माणसांना आजही सांगायला उशीर झालेला नाही. बँकेतून बोलतो, पीएफ ऑफिसमधून बोलतो असं म्हणत तुमचं नाव, खातं, पगार बिनचूक सांगणारा फोन आला तरी ओटीपी द्यायचा नाही, आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करायचा, हे दोन्ही युनिटच्या नोटीस बोर्डावर या आठवड्यात लावा. कंत्राटदाराच्या माणसांना बोर्ड वाचायला वेळ मिळत नाही, त्यांना शिफ्ट सुरू होताना तोंडी सांगा.